अर्धं सूत

पावणेचार इंच लांब आणि अडीच इंच एक सूत रुंद. टॉप्स कंपनीच्या १९५५ च्या बेसबॉल कार्डाचं हे माप; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्या हातातलं कार्ड लांबीला बरोबर भरलं, रुंदीला अर्धं सूत कमी. ज्याचं आयुष्य छापखान्यात गेलं त्याला अर्धं सूत पट्टीशिवायही कळतं, तरी मी तीनदा पट्टी लावली. मग भिंग काढून कडा पाहिल्या. तीन कडांवर साठ वर्षांचा मळ होता, पुठ्ठ्याचे तंतू किंचित फुलले होते. चौथी, खालची कड स्वच्छ होती, फिकट होती आणि नको तितकी सरळ होती. ती कोणीतरी अलीकडे कापली होती.

कार्ड रॉबर्टो क्लेमेंटेचं. १,९०० डॉलर मोजून ते मी घरबसल्या, पडद्यावरचा फोटो पाहून घेतलं होतं. ग्रेड न केलेलं. या धंद्यात अशा कार्डाला ‘रॉ’ म्हणतात, म्हणजे जे तपासणी होऊन, एक ते दहापैकी आकडा मिळून, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद झालेलं नाही असं.

क्लेमेंटेच का, ते सांगायला हवं. मुंबईत छपाईचं शिक्षण आणि गिरगावातल्या एका छापखान्यात तीन वर्षं उमेदवारी करून १९७३ च्या सप्टेंबरात मी पिट्सबर्गला आलो. ज्या प्रेसमध्ये लागलो तिथल्या कॅमेरा खात्याच्या भिंतीवर एका सावळ्या खेळाडूचा फोटो होता, वर काळी फीत. मी फोरमनला विचारलं, हे कोण? त्याने मशीन थांबवून मला सांगितलं. आधीच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९७२ ला, इथल्या बेसबॉल संघाकडून खेळणाऱ्या क्लेमेंटेने कारकिर्दीतला तीन हजारावा हिट मारला होता. डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात उद्ध्वस्त झाली. मदतीचं सामान पोचतं करायला हा माणूस ३१ डिसेंबरच्या रात्री प्वेर्तो रिकोहून स्वतः विमानात बसला आणि ते विमान समुद्रात कोसळलं. वय ३८. त्याचा मृतदेह सापडला नाही. हे सांगताना फोरमनचा आवाज जड झाला होता, आणि मी त्या गावात येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते.

पुढे मला कळलं की इथली वर्तमानपत्रं क्लेमेंटेचं इंग्रजी जसंच्या तसं, उच्चारांसकट छापून त्याचं हसं करायची. कार्डांवरही वर्षानुवर्षं त्याचं नाव ‘बॉब’ असं छापलं जाई, आणि ते त्याला आवडत नसे. पहिल्या, १९५५ च्या कार्डावर मात्र ‘रॉबर्टो’ आहे. फोनवर स्वतःच्या नावाची अक्षरं एकेक करून सांगत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला ते कार्ड का हवंसं वाटावं, हे परदेशात राहिलेल्या वाचकाला समजेल.

गिरगावात लहानपणी आम्ही सिगारेटची रिकामी पाकिटं जमवायचो. प्रत्येक छापाची किंमत ठरलेली असे, आणि चाळीच्या चौकात ती लावून खेळ चाले. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कार्डांचा जन्मही सिगारेटच्याच पाकिटात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटी कागदी पाकिटात मिळत. पाकीट चेपू नये म्हणून आत एक पुठ्ठ्याचा तुकडा सरकवत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक त्याच छापाकडे परत येईल, हे तंबाखूवाल्यांना लवकर उमगलं. जेम्स ड्यूकने १८९० मध्ये मोठमोठे तंबाखू कारखाने एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. १९०९ ते १९११ या काळात तिने पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा छापांच्या पाकिटांतून पाचशेहून अधिक खेळाडूचित्रं वाटली. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या खटल्यात ती कंपनी मोडली. कार्डं राहिली.

त्या मालिकेतला होनस वॅग्नर हाही पिट्सबर्गचाच, इथल्या खाणकामगाराचा मुलगा. त्याचं कार्ड छपाई सुरू झाल्यावर लवकरच मागे घेतलं गेलं. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पसंत नव्हतं असं एक मत, त्याला मोबदला हवा होता असं दुसरं. मला पहिलं मत खरं वाटतं, पण खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. आज त्याची साठच्या आसपास कार्डं माहीत आहेत. माप दीड इंचाला अर्धं सूत कमी, उंची अडीच इंच एक सूत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलं एक ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं.

या कार्डांना टी २०६ हे नाव कंपनीने दिलेलं नाही. ते दिलं जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूजच्या कामगाराने. संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली होती, पगार बेताचा होता, लग्न केलेलं नव्हतं. त्याने देशभरातल्या छापील चिठ्ठ्या, लेबलं, जाहिरातीची चित्रं, कार्डं गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यांची पहिली सूची काढली. त्याने दिलेले क्रमांक आजही चालतात. तीन लाखांहून अधिक नग त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले, आणि नुसते देऊन थांबला नाही. वर्षानुवर्षं तिथे जाऊन, दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड अल्बमांत चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपवून तो बाहेर पडला आणि दोन महिन्यांनी वारला.

बर्डिकने कार्डं डिंकाने चिकटवली, हे ऐकून आजचे संग्राहक हळहळतात. मागची बाजू खराब झाली, किंमत गेली. मी त्याच्या बाजूने आहे. त्याला कार्ड म्हणजे छपाईचा नमुना वाटत होतं, आणि नमुना जपायचा तर तो वहीत लावतात. बर्डिकच्या वहीतल्या कार्डाची कड कोणी कापली नाही, कारण कापून कोणाला काही मिळणार नव्हतं.

पुढची गोष्ट च्युइंगमची, कारण तंबाखूनंतर कार्डं च्युइंगमच्या पाकिटांतून येऊ लागली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीत साय बर्जर नावाच्या तरुणाने १९५२ ची ४०७ कार्डांची मालिका जुळवली. शेवटचा गट दुकानांत पोचला तेव्हा हंगाम संपत आला होता, आणि त्याच गटात ३११ क्रमांकाचा मिकी मँटल होता. माल पडून राहिला. १९६० च्या सुमारास बर्जरने उरलेल्या पेट्या तराफ्यावर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिक समुद्रात बुडवल्या. बुडवणाऱ्यानेच पुढे हे उघडपणे सांगितलं. त्या मँटलचं एक उत्तम राखलेलं कार्ड १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला विकलं गेलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तेच कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

मधे काय झालं? माझ्या मते खरं वळण १९७९ चं. जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने कार्डांच्या किमतींचं पुस्तक काढलं. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्याने विखुरलेल्या बाजाराचे भाव प्रामाणिकपणे मांडले. पण कार्डाच्या अवस्थेप्रमाणे किंमत छापून येऊ लागली तशी कोपऱ्याला किंमत आली. तेच चित्र, तोच खेळाडू, तोच छापखाना, पण कोपरा टोकदार असला तर रक्कम अनेक पट. आणि झिजलेला कोपरा टोकदार करायचा सोपा उपाय प्रत्येक छापखान्यात उभा असतो. कटिंग मशीनखाली गठ्ठा किंचित सरकवून पातं खाली आणायचं, की चारही बाजू नव्या. आम्ही रोज वह्या-पुस्तकांच्या कडा अशाच साफ करत असू. त्यात लबाडी नव्हती. जुन्या कार्डाची कड कापून ते जन्मल्यापासून तसंच आहे म्हणणं, ही लबाडी.

या कथेतली सगळ्यात मोठी लबाडी वॅग्नरच्याच एका कार्डावर झाली. १९८५ मध्ये लाँग आयलंडवरच्या हिक्सव्हिल गावात बिल मॅस्ट्रो नावाच्या व्यापाऱ्याने ते २५,००० डॉलरला घेतलं. दोन वर्षांनी १,१०,००० ला विकलं. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार यांनी ते ४,५१,००० डॉलरला घेतलं. त्याच वर्षी कार्डांची तपासणी करून आकडा देणारी पीएसए ही कंपनी सुरू झाली होती. तिने या कार्डाला आठ दिले आणि पहिला नोंदणी क्रमांकही. ऐंशी वर्षांच्या पुठ्ठ्याला आठ! पुढे ते एका बक्षीस योजनेत फ्लॉरिडातल्या एका टपाल कर्मचारी बाईंना लागलं. कर भरायलाच पैसे नव्हते म्हणून त्यांना ते विकावं लागलं. २००० मध्ये ईबेवर ते १२ लाख ६५ हजारांना गेलं, २००७ मध्ये २८ लाखांना. कडा कापल्याची कुजबुज सगळ्या वर्षांत होती. २०१३ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या न्यायालयात, लिलावातल्या खोट्या बोलींच्या खटल्यात गुन्हा कबूल करताना मॅस्ट्रोने हेही कबूल केलं की कार्डाच्या बाजू त्याने कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली.

म्हणजे सीलबंद डबीही देववाणी नाही. ज्या कार्डाने या पद्धतीची पहिली पावती फाडली, तेच कापलेलं निघालं. तरी मी म्हणतो की महाग कार्ड सीलबंदच घ्यावं. चूक झाली तर तिथे जाब विचारायला एक नोंद, एक क्रमांक, एक पत्ता असतो. रॉ कार्डामागे असतो तो विकणाऱ्याचा शब्द.

आणि फोटो. फोटोबद्दल मला छपाईवाला म्हणून बोलायचं आहे, कारण आमच्या खात्याचं हे कामच होतं.

जुनं कार्ड खरं की खोटं हे भिंगाखाली कळतं. रंगीत छपाईत चित्र ठिपक्यांचं बनतं, पण अक्षरं आणि चौकटीच्या काळ्या रेषा वेगळ्या, भरीव प्लेटने छापलेल्या असतात. भिंगाखाली खऱ्या कार्डाचं नाव अखंड काळं दिसतं. नक्कल करणारा आख्ख्या कार्डाचा फोटो काढून तो पुन्हा छापतो, त्यामुळे अक्षरसुद्धा ठिपक्यांत फुटतं. कडेला निळे, लाल कण दिसतात. १९०९ ची कार्डं तर दगडावरच्या छपाईच्या परंपरेतली. तिथले ठिपके कारागिराच्या हाताचे, वेडेवाकडे, जाळीच्या ओळीत न बसणारे. त्यांच्या जागी सरळ जाळी दिसली की पुढे बघायची गरज नाही. दुसरी परीक्षा बँकेत नोटा तपासतात त्या जांभळ्या दिव्याची. कागद पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी द्रव्यं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. युद्धाआधीचं म्हणून दिलेलं कार्ड त्या दिव्याखाली निळसर उजळलं तर कागद नवा. तिसरी परीक्षा बोटांची. पुठ्ठ्याची जाडी, पृष्ठभागाचा खरखरीतपणा, वाकवल्यावरचा ताण. सुरकुती दाबून सपाट केली असेल तर तिथे प्रकाश तिरपा धरल्यावर वेगळी झाक दिसते. उडालेल्या रंगावर पेन फिरवलं असेल तर तेही दिसतं.

यातलं एकही फोटोत दिसत नाही. पडद्यावर प्रत्येक कार्ड पडद्याच्या मापाचं असतं. टॉप्सने स्वतः १९८३ मध्ये १९५२ च्या मालिकेची पुनर्मुद्रणं काढली, उघडपणे, मागे तसं छापून. ती मूळ कार्डांपेक्षा लहान आहेत. हातात घेतलं की क्षणात कळतं, आणि फोटोत दोन्ही सारखीच. मागची बाजू घासून किंवा तिचा फोटोच न देऊन तो माल खरा म्हणून खपवणारे आहेत. १९८६ च्या फ्लीअर कंपनीच्या मायकेल जॉर्डनच्या कार्डाच्या नकला तर इतक्या पसरल्या आहेत, की ते रॉ अवस्थेत फोटोवरून घेऊ नये, एवढंच मी मुलाच्या मित्रांना सांगत आलो.

माझं क्लेमेंटे ज्याने विकलं त्याच्या वर्णनात लिहिलं होतं: आजोबांच्या माळ्यावरच्या पेटीत सापडलं, मला कार्डांतलं काही कळत नाही, परत घेणार नाही. फोटोत कार्ड जाड प्लास्टिकच्या चौकटीत होतं आणि चौकटीने बरोबर कडाच झाकल्या होत्या. मला ते दिसलं होतं. घरात हिने विचारलंही होतं, इतकं चांगलं आहे तर त्याने स्वतः तपासून का घेतलं नाही? तपासणीचा खर्च किमतीच्या मानाने किरकोळ आहे. चांगला आकडा मिळाला असता तर त्याला दुप्पट, तिप्पट पैसे आले असते. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. माळ्यावर खरोखर कार्डं सापडतात. २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावी एका माळ्यावर १९१० च्या सुमाराची शेकडो कार्डं जवळपास कोरी सापडली होती. अशी एखादी खरी बातमी दहा हजार खोट्या माळ्यांना बळ देते.

हिच्या प्रश्नाचं उत्तर मला आता माहीत आहे. महाग जुनं कार्ड रॉ विकायला येतं तेव्हा अनेकदा ते आधी कुठेतरी तपासणीला जाऊन नापास होऊन आलेलं असतं. नापासाचा शेरा डबीसकट फोडून टाकता येतो. कार्डावर त्याची खूण राहत नाही.

मीही ते तपासणीला पाठवलं, पाकीट उघडल्यावर लगेच, पट्टी लावण्याआधी. इतका विश्वास होता. दोन महिन्यांनी शेरा आला: कड कापलेली, आकडा देता येत नाही. तोवर तक्रार करायची मुदत उलटली होती. विकणाऱ्याचं खातं बंद होतं, तीन पत्रांना उत्तर आलं नाही. मग मी पट्टी काढली. ती आधी काढली असती तर पैसे परत मागता आले असते. म्हणून ज्यांना एवढं सांगूनही रॉ कार्ड घ्यायचंच आहे त्यांनी पार्सल आल्याच्या दिवशी माप घ्यावं, भिंग लावावं, आणि शंका आली तर त्याच दिवशी लिहावं. कारखान्यातही कटाई थोडी मागेपुढे व्हायची, त्यामुळे नुसत्या मापावरून निकाल देऊ नये. माप आणि कड दोन्ही पाहावं. विकणाऱ्याकडे आधीच चौकटीबाहेर काढलेल्या कार्डाचे, पट्टी शेजारी ठेवलेले, चारही कडांचे फोटो मागावेत. तो देत नसेल तर तेच उत्तर समजावं.

गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन ओकलंड भागात फोर्ब्ज फील्डची उरलेली भिंत पाहायला गेलो होतो. ज्या मैदानात वॅग्नर आणि क्लेमेंटे दोघेही खेळले, त्याचा हा तुकडा अजून जागेवर आहे. नातवाने विचारलं, आजोबा, तुमचं कार्ड खोटं आहे का? मी म्हटलं, नाही रे, कार्ड खरं आहे. चित्र खरं आहे, शाई खरी आहे, नाव खरं आहे. फक्त त्याची एक कड कोणीतरी कापून नेली आणि ते सांगितलं नाही.

ते कार्ड मी विकणार नाही. माझ्यानंतर ते ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी पाकिटावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं आहे: रॉबर्टो क्लेमेंटे, १९५५. अस्सल. खालची कड कापलेली, अर्धं सूत कमी. पूर्ण म्हणून विकू नये.